क्ले-नायलॉनचा दाणा मशीनवर घेण्यापूर्वी

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या मोल्डिंगवाल्यांकडून क्ले म्हणजे चिकणमाती मिसळलेल्या आमच्या नायलॉन दाण्याबद्दल एक शंका सारखी येते: "एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो याचा आकडा) एवढा कमी, मग साचा भरणार कसा?" भरतो, आणि पातळ भिंतीचाही भरतो. टोयोटाने 1990 च्या सुमारास टायमिंग बेल्टचं कव्हर अशाच नायलॉन-6 आणि क्लेच्या मिश्रणातून काढलं होतं.

एमएफआयच्या चाचणीत वितळलेला माल वजनाखाली संथपणे उतरतो. क्लेचे पापुद्रे जेमतेम 1 नॅनोमीटर जाड, पण शंभराहून अधिक नॅनोमीटर रुंद. संथ मालात ते एकमेकांना अडून जाळी धरतात आणि 3 ते 5 टक्के क्लेनेही माल घट्ट होतो. इंजेक्शनच्या वेगात हेच पापुद्रे प्रवाहाच्या दिशेने आडवे होतात. गेटमधून, म्हणजे माल साच्यात शिरतो त्या तोंडातून, जाताना माल साध्या नायलॉनइतकाच सहज वाहतो.

म्हणून शॉर्ट शॉट आला, म्हणजे साचा पूर्ण भरला नाही, तर आधी इंजेक्शन स्पीड वाढवा. लगेच हीटर चढवू नका, ही आमची कळकळीची विनंती. क्ले नायलॉनमध्ये उलगडावी म्हणून तिच्यावर सेंद्रिय अमोनियम क्षाराची प्रक्रिया केलेली असते. हा क्षार 200 अंश सेल्सिअसच्या आसपासच तुटायला लागतो आणि नायलॉन-6 वितळतं 220 ला. थोडं नुकसान होतंच. तापमान आणि बॅरलमधला (माल वितळतो त्या मशीनच्या नळकांड्यातला) वेळ जितका वाढेल तितकं ते वाढतं. पर्ज केलेला, म्हणजे बॅरलमधून बाहेर काढून टाकलेला, गोळा पिवळा पडला, उग्र वास आला, की समजा माल फार वेळ शिजला.

जेवणाच्या सुट्टीला बॅरल भरलेलं सोडू नका. पर्ज करा, तापमान उतरवा. थांबलेल्या मालात जाळी पुन्हा धरते, त्यामुळे परत सुरू करताना पहिल्या शॉटांना प्रेशर जास्त लागतं. तेवढ्यावरून सेटिंग बदलू नका.

पावसाळ्यात दाणा सुकवताना साधा हॉट एअर ड्रायर बाहेरची दमट हवाच गरम करून दाण्यात सोडतो. डिह्युमिडिफायिंग ड्रायरमध्ये 80 अंशांवर किमान 4 तास ठेवा. उघडी गोणी रात्रभर तशीच राहिली असेल, तर पुन्हा सुकवल्याशिवाय हॉपरमध्ये टाकू नका.

पापुद्रे प्रवाहाबरोबर वळत असल्याने आकुंचन दोन दिशांना वेगळं येतं, आणि दोन प्रवाह मिळतात त्या वेल्ड लाइनवर तुकडा कमजोर असतो. नवा साचा बनवत असाल, तर गेटची जागा पक्की करण्याआधी ड्रॉइंग आम्हाला दाखवा. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.