कोरियन माणसाच्या पोटात रोज किती करक्युमिन जातं?

कोरियात हळद हा काही रोजचा मसाला नाही. आपल्याकडे वरणात, भाजीत, फोडणीत चिमूटभर का होईना हळद पडतेच, तिथे ती जाते मुख्यतः करीच्या पिवळ्या पावडरमधून. ही करी जपानमार्गे तिकडे पोचली, आणि ओट्टोगी कंपनीने 1969 मध्ये स्वतःची करी पावडर आणल्यावर हळूहळू घरोघरी रुळली. बटाटा, गाजर, कांदा, मांस आणि त्यावर घट्ट पिवळा रस, सोबत भात. शाळेच्या जेवणातही असते.

आता यातून करक्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक, किती मिळतं हे काढायचं कसं? तर तिथे सरकारचा मोठा पोषण सर्व्हे होतो, 1998 पासून, त्यात लोकांना काल दिवसभरात काय काय खाल्लं ते विचारतात. मग त्यातली करी पावडर आणि हळद वेगळी काढायची, ग्रॅम धरायचे आणि त्याला करक्युमिनच्या टक्क्याने गुणायचं. ऐकायला सोपं आहे, पण खरी गोची त्या टक्क्यातच आहे.

कारण निव्वळ हळदीत करक्युमिन असतं साधारण 3 टक्के, तेही जातीप्रमाणे बदलतं, आणि करी पावडर म्हणजे काही हळद नव्हे, कोरियन पाकिटात तर मैदा, स्टार्च, मीठ, साखर असं बरंच काही असतं. समजा एका प्लेटला 20 ग्रॅम पावडर लागली. त्यात हळद 3 टक्के धरली तर करक्युमिन येतं 18 मिलिग्रॅम, 10 टक्के धरली तर 60. म्हणजे प्लेट तीच आणि उत्तर तिप्पट! नुसत्या पिवळ्या रंगावरून अंदाज बांधण्यात अर्थ नाही, पाकीट लॅबमध्ये नेऊन मोजावंच लागतं. शिवाय शिजवताना थोडं करक्युमिन जातं ते वेगळंच.

दुसरी भानगड सरासरीची. एका दिवसाचं विचारलं की बहुतेक लोकांनी त्या दिवशी करी खाल्लेलीच नसते, त्यांचा आकडा शून्य, आणि ज्यांनी खाल्ली त्यांचा एकदम मोठा. दोघांची सरासरी काढली तर जो आकडा येतो तेवढं त्या दिवशी बहुधा कुणीच खाल्लेलं नसतं. त्यामुळे माझ्या मते सगळ्यांची सरासरी आणि फक्त करी खाणाऱ्यांची सरासरी, दोन्ही वेगळ्या द्यायलाच हव्यात, नाहीतर वाचणारा फसतो.

वरचीच प्लेट आठवड्यातून एकदा खाल्ली तर रोजचे पडतात अंदाजे अडीच ते साडेआठ मिलिग्रॅम. करक्युमिन अन्नात रंग म्हणूनही वापरतात, त्यासाठी ठरवलेली सुरक्षित मर्यादा आहे दिवसाला किलोमागे 3 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 180. तेव्हा करी खाऊन जास्त होईल ही भीती नको. पण उलटही खरंय, करक्युमिनच्या औषधी प्रयोगांत अनेकदा रोज 500 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त देतात, आणि मुळात ते आतड्यातून रक्तात फारच कमी उतरतं. त्या प्रयोगांचे निकाल आठवड्याच्या एका करी-भाताला चिकटवणाऱ्या जाहिराती दिसल्या की सरळ पुढे स्क्रोल करा.