फंक : जलशातील सादरीकरण

अमेरिकेतील आफ्रिकी-अमेरिकी समाजात साधारणतः १९६० च्या दशकाच्या मध्यास सोल संगीतातून वेगळा ओळखू येऊ लागलेला तालप्रधान संगीतप्रकार. त्यात चालीपेक्षा ठेका वरचढ असतो. बास गिटार, ड्रम, लयीचे गिटार व फुंकवाद्ये आपापले छोटे तुकडे पुनःपुन्हा वाजवतात आणि त्यांच्या गुंफणीतून गाणे उभे राहते. कलावंतांची मिळकत तबकड्यांपेक्षा दौऱ्यांवर अधिक अवलंबून असल्याने या प्रकाराची बरीचशी घडण श्रोत्यांसमोरच झाली.

फंकचा उगम कोठे झाला याविषयी दोन प्रमुख मते आहेत. पहिल्या मतानुसार त्याचे जनकत्व जेम्स ब्राउन (१९३३–२००६) या गायकाकडे व त्याच्या वाद्यवृंदाकडे जाते. फेब्रुवारी १९६५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे मुद्रित झालेले ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ हे या मताचे नेहमीचे प्रमाण. मात्र या गाण्याचा सांगाडा बारा मापांच्या (माप म्हणजे बार, मात्रांचा ठरावीक गट) ब्लूजचाच आहे आणि प्रसिद्ध करताना मूळ मुद्रणाचा वेगही वाढवलेला होता; तेव्हा त्याला सीमारेषेवरचे म्हणणे अधिक बरे. १९६७ च्या ‘कोल्ड स्वेट’मध्ये स्थित्यंतर अधिक स्पष्ट दिसते. येथे स्वरसंघात (कॉर्ड) जवळजवळ बदलत नाही. क्लाइड स्टबलफील्ड या ड्रमवादकाने स्नेअर या ड्रमचा आघात दुसऱ्या मात्रेवर अपेक्षेप्रमाणे दिला आहे, पण पहिल्या मापात चौथ्या मात्रेवर तो न देता अर्धी मात्रा उशिरा दिला आहे. गाण्याचा सहरचनाकार, सॅक्सोफोनवादक आल्फ्रेड ‘पी वी’ एलिस याने फुंकवाद्यांच्या तुकड्यामागे जॅझवादक माइल्स डेव्हिसच्या ‘सो व्हॉट’ची प्रेरणा असल्याचे सांगितले आहे. म्हणजे जॅझचा धागाही येथे येऊन मिळतो.

ब्राउन आपल्या पद्धतीला ‘द वन’ म्हणत असे. आधीच्या ऱ्हिदम अँड ब्लूजमध्ये भार दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर असे. येथे तो मापाच्या पहिल्या मात्रेवर आला. मराठी वाचकाला यावरून सम आठवेल, पण हे साम्य फार ताणू नये. समेला महत्त्व येते ते विस्तार करून तिच्यावर परतण्यामुळे, तर फंकमध्ये दर मापाला तोच ठोका पडतो आणि उरलेल्या मात्रांत वादक मोकळे असतात.

दुसरे मत न्यू ऑर्लिअन्सच्या बाजूचे आहे. तेथील मिरवणुकीच्या बँडमागे चालणाऱ्या ‘सेकंड लाइन’च्या ठेक्यात आघात मागेपुढे सरकवण्याची रीत जुनी होती. प्रोफेसर लाँगहेअरचे पियानोवादन आणि अर्ल पामर, चार्ल्स ‘हंग्री’ विल्यम्स इत्यादींचे ड्रमवादन तिची साक्ष देते. दुवा म्हणून क्लेटन फिलियाऊ याचे नाव घेतले जाते. १९६२ च्या सुमारास तो ब्राउनच्या वाद्यवृंदात होता आणि ही लकब आपण ह्युई ‘पियानो’ स्मिथच्या ड्रमवादकाकडून उचलली, असे त्याने सांगितले आहे. ही साक्ष ग्राह्य धरल्यास दोन्ही मतांतला विरोध बराचसा मावळतो: ठेक्याचे बीज न्यू ऑर्लिअन्सचे, संपूर्ण वाद्यवृंद त्या ठेक्याभोवती बांधण्याचे काम ब्राउनचे. न्यू ऑर्लिअन्सच्याच ‘द मीटर्स’ या चमूचे ‘सिसी स्ट्रट’ (१९६९) बहुधा दोन्ही प्रवाहांचे फलित असावे.

वांशिक विभाजनाच्या काळात कृष्णवर्णीय कलावंतांचे दौरे ‘चिटलिन सर्किट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नाट्यगृहांच्या व क्लबांच्या साखळीतून होत. न्यूयॉर्कमधील हार्लेमचे अपोलो, वॉशिंग्टनचे हॉवर्ड, शिकागोचे रीगल व फिलाडेल्फियाचे अपटाउन ही त्यांतील नावाजलेली ठिकाणे. अपोलोचा प्रेक्षक आवडले नाही तर तोंडावर सांगण्याबद्दल प्रसिद्ध होता. २४ ऑक्टोबर १९६२ रोजी तेथे ब्राउनने आपल्या कार्यक्रमाचे मुद्रण करवून घेतले. आधीचीच गाणी पुन्हा कोण विकत घेणार, अशी शंका असल्याने किंग या ध्वनिमुद्रिका कंपनीचा मालक सिड नेथन खर्चास राजी नव्हता. तो ब्राउनने स्वतः केला. १९६३ मध्ये निघालेली ही ध्वनिमुद्रिका ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाच्या लोकप्रियतेच्या सूचीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली आणि ६६ आठवडे सूचीत राहिली. तिच्यातील ‘लॉस्ट समवन’ दहा मिनिटांहून अधिक चालते. गायकाची विनवणी आणि बायकांच्या किंकाळ्या यांची त्यातली देवघेव ऐकली की जलशाचे आकर्षण कशात होते ते कळते. आरंभीचा निवेदक फॅट्स गाँडर आहे. ब्राउनचा नंतरचा निवेदक डॅनी रे नव्हे, जसे पुष्कळदा समजले जाते.

डॅनी रेचे नाव जोडले गेले आहे ते झग्याच्या प्रसंगाशी. ‘प्लीज, प्लीज, प्लीज’ गाताना ब्राउन गुडघ्यांवर कोसळे, रे त्याच्या खांद्यांवर झगा टाकून त्याला आत नेऊ लागे, आणि ब्राउन झगा झुगारून पुन्हा माइककडे धावे. असे अनेकदा होई. ब्राउनने याचे श्रेय ‘गॉर्जस जॉर्ज’ या दूरचित्रवाणीवरील कुस्तीगिराला दिले आहे. काही अभ्यासक कृष्णवर्णीय चर्चमधील भावावेशाच्या प्रसंगांकडे बोट दाखवतात. ते अधिक पटण्याजोगे वाटते, कारण प्रेक्षकांना काय अपेक्षित आहे हे तेथूनच माहीत होते.

या मोकळेपणामागे कडक शिस्त होती. सूर चुकला किंवा बूट चमकत नसले तर ब्राउन नाचता-नाचताच बोटांनी दंडाची रक्कम दाखवी. मार्च १९७० मध्ये मानधनाच्या कारणावरून बहुतेक वादकांनी साथ सोडली, तेव्हा सिनसिनाटीचे बूट्सी व कॅटफिश कॉलिन्स हे तरुण बंधू जॉर्जियातील कोलंबस येथे विमानाने आणले गेले. ‘सेक्स मशीन’ त्याच वर्षीचे. त्याआधी, ५ एप्रिल १९६८ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी बॉस्टनमधील त्याचा कार्यक्रम लोकांनी घरी थांबावे म्हणून दूरचित्रवाणीवर थेट दाखवण्यात आला होता.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ (स्थापना १९६६) या चमूत गोरे-काळे, स्त्री-पुरुष एकत्र होते. त्यातील लॅरी ग्रॅहम आईबरोबर ड्रमशिवाय वाजवत असताना अंगठ्याने तार ठोकण्याची व बोटाने खेचण्याची रीत शिकला; बासवादनात ती पुढे सार्वत्रिक झाली. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉक या संगीतमहोत्सवात पहाटे झालेल्या सादरीकरणानंतर स्लाय स्टोनचे जलसे उशिरा सुरू होणे वा रद्द होणे वाढले आणि कारकीर्द त्यातच खालावली. जॉर्ज क्लिंटनच्या पार्लमेंट-फंकाडेलिकने उलट भव्यतेचा मार्ग धरला. ऑक्टोबर १९७६ मध्ये न्यू ऑर्लिअन्स येथे त्यांचे ‘मदरशिप’ हे अवकाशयान प्रथम रंगमंचावर उतरले. मूळ यान पुढे मोडीत गेले. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे ती नंतरची प्रतिकृती.

ब्राउनच्या ताफ्यातील मार्व्हा व्हिटनी, व्हिकी अँडरसन व लिन कॉलिन्स या गायिकांची नोंद संदर्भग्रंथांत बहुधा त्याच्याच चरित्राच्या ओघात येते.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस डिस्कोमुळे मोठे वाद्यवृंद परवडेनासे झाले. नंतर हिप-हॉपकारांनी जुन्या तबकड्यांतील तुकडे उचलले. ‘फंकी ड्रमर’ (१९७०) मधील स्टबलफील्डचा ठेका त्यांत सर्वाधिक वापरल्या गेलेल्यांपैकी आहे. परंतु रचनाकार म्हणून नाव ब्राउनचे असल्याने वादकाच्या पदरी फारसे काही पडले नाही. ट्रम्बोनवादक फ्रेड वेस्ली व सॅक्सोफोनवादक मेसिओ पार्कर यांना युरोपात नवा श्रोता मिळाला. पार्करची १९९२ ची ‘लाइफ ऑन प्लॅनेट ग्रूव्ह’ ही जलशातच मुद्रित झालेली मुद्रिका जर्मनीतील कोलोनची आहे. ब्रुकलिनच्या ‘डॅपटोन’ कंपनीने शॅरन जोन्स (मृत्यू २०१६) व चार्ल्स ब्रॅडली (१९४८–२०१७) यांना उतारवयात पुढे आणले. ब्रॅडलीने किशोरवयात अपोलोत ब्राउनला पाहिले होते. पुढे अनेक वर्षे ‘ब्लॅक व्हेल्व्हेट’ या नावाने तो ब्राउनची हुबेहूब नक्कल करून पोट भरत असे. स्वतःच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा, २०११ मध्ये, तो ६२ वर्षांचा होता.