पूर्वस्थापित अ‍ॅपच्या परवानग्या

फोन कारखान्यातून निघतानाच त्यात बसवलेल्या अ‍ॅपना कॅमेरा, मायक्रोफोन, संपर्क, स्थान इत्यादी वापरण्याची मुभा देणारी अँड्रॉइडमधील व्यवस्था. परभणीकडचा शेतकरी सोयाबीनच्या बांधावर उभा राहून नव्याने घेतलेले ई-पीक पाहणीचे अ‍ॅप उघडतो, तेव्हा ते त्याला स्थान आणि कॅमेरा यांची परवानगी मागते. त्याच फोनमधला मूळ कॅमेरा मात्र पहिल्या दिवसापासून न विचारता फोटो काढतो. फोटोला ठिकाणाची नोंद जोडायची असेल, तेव्हाच तो सहसा विचारतो.

हा फरक अँड्रॉइड ६.० (२०१५) पासून ठळक झाला. तोवर सर्व परवानग्या अ‍ॅप घेतानाच एकगठ्ठा द्याव्या लागत. पुढे संवेदनशील परवानग्या वापराच्या वेळी विचारल्या जाऊ लागल्या. फोन, संदेश, कॅमेरा अशा मूलभूत कामांच्या पूर्वस्थापित अ‍ॅपना मात्र फोन प्रथम सुरू होतानाच त्या परस्पर दिल्या जातात. म्हणजे येथे ‘परवानगी’ हा शब्द सैल अर्थानेच घ्यावा लागतो.

याहून वरचे काही अधिकार वापरकर्त्याला विचारलेच जात नाहीत. ते प्रणालीवर असते तीच निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी असलेल्या अ‍ॅपना, किंवा ४.४ आवृत्तीपासून वेगळ्या ठेवलेल्या विशेष फोल्डरमधील अ‍ॅपना मिळतात. ८.० पासून अशा अ‍ॅपचे अधिकार एका यादीत नोंदवावे लागतात आणि ९ पासून यादीबाहेरचा अधिकार मागणारे अ‍ॅप आढळल्यास फोन सुरूच होत नाही. बंधन कडक आहे खरे, पण यादी लिहिणारा आणि अ‍ॅप बसवणारा बहुधा एकच, म्हणजे फोनचा निर्माता असतो.

वापरकर्त्याच्या हाती थोडे उरते. सेटिंग्जमधील परवानगीच्या यादीत ‘सिस्टम दाखवा’ निवडल्याशिवाय ही अ‍ॅप बहुधा दिसतच नाहीत. काहींची बटणे फिकट व निश्चल असतात. काहींची परवानगी काढता येते, पण त्याआधी फोनची मूलभूत कामे बिघडू शकतील असा इशारा मिळतो. फोनच्या साठवणुकीत प्रणालीसाठी राखून ठेवलेल्या विभागातील अ‍ॅप काढून टाकता येत नाही, फार तर बंद करता येते. त्याची अद्ययावत आवृत्ती वेगळ्या विभागात साठते, मूळ प्रत जागच्या जागी राहते. त्यामुळे लातूरच्या गंजगोलाईत घेतलेला जुना फोन फॅक्टरी रीसेट केला, की आधीच्या मालकाने बंद केलेली अ‍ॅप कारखान्यातल्या परवानग्यांसह पुन्हा चालू होतात.