दांड्या घातल्यावर पाणी हिरवं का होतं?

‘नळाच्या पाण्यात दोन दांड्या घालून वीज सोडली की पाणी हिरवं-तपकिरी होतं, आरओचं मात्र स्वच्छ राहतं; म्हणजे नळाच्या पाण्यात तेवढी घाण असते.’ पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा संदेश फिरत असतो. रंग डोळ्यांदेखत बदलतो, त्यामुळे विश्वास बसणं स्वाभाविकच आहे.

पण तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो, लोखंडी दांडीतून सुटलेल्या साक्याचा, म्हणजे गाळाचा असतो. धन टोकाचं लोखंड विरघळतं, १ अँपिअरला मिनिटाला साधारण १७ मिलिग्रॅम. ऋण टोकाशी हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि हायड्रॉक्साइड तयार होतं. दोन्ही भेटले की लोहाचं हायड्रॉक्साइड साकळतं. आधी हिरवट, कारण त्यात फेरस आणि फेरिक अशी लोहाची दोन्ही रूपं असतात. हवा लागत गेली की त्याचाच नारिंगी गंज होतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीजच फारशी वाहत नाही.

पडताळून पाहा: आरओचं पेलाभर पाणी, अर्धा चमचा मीठ, दोन साधे लोखंडी खिळे, ९ व्होल्टची बॅटरी. खिळे एकमेकांना टेकू देऊ नका. जस्ताचा मुलामा असलेले नकोत, साका पांढरा येतो. पंधरा मिनिटांत हिरवट गाळ दिसेल. पेला उघडा ठेवलात तर सकाळपर्यंत तो नारिंगी होऊ लागेल. खिडकीजवळ करा. घरातली २३० व्होल्टची वीज यासाठी अजिबात वापरू नका.