अक्रोडाचा खुंट: उंचीवर भाळण्याचा इतिहास

रायवळ कोयीवर हापूसची काडी बांधणाऱ्या कोकणातल्या माणसाला खुंट म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. अक्रोडाचेही तेच आहे. फळ एका झाडाचे, मुळे दुसऱ्याची; ती मुळे देणारे झाड म्हणजे खुंट. मात्र ही मुळे कोणाची असावीत यावर कॅलिफोर्नियात शंभराहून अधिक वर्षे खल चालला आहे.

आपण खातो तो अक्रोड म्हणजे जुग्लान्स रेजिया. मूळचा इराण-मध्य आशियाकडचा, तरी अमेरिकेत त्याला 'इंग्लिश' म्हणतात. त्याची गर गोड आणि कवच पातळ, पण मुळे नाजूक. कॅलिफोर्नियात रानोमाळ वाढणारा काळा अक्रोड, जुग्लान्स हिंडसी, याच्या नेमका उलट. फळ टणक आणि गर जेमतेम, पण ओकच्या मुळांना कुजवणाऱ्या बुरशीला हा बऱ्यापैकी पुरून उरतो. म्हणून इंग्लिश अक्रोडाची कलमे काळ्याच्या रोपांवर बांधण्याची रीत पडली.

या दोन जातींचा संकर कॅलिफोर्नियातल्या सांता रोझाच्या ल्यूथर बरबँक या रोपपैदासकाराने केला आणि त्याला 'पॅराडॉक्स' नाव दिले. 1893 च्या त्याच्या कॅटलॉगमुळे तो लोकांपुढे आला. बरबँकच्या सांगण्यानुसार पंधरा-सोळा वर्षांची पॅराडॉक्सची झाडे साठ फूट उंच झाली होती आणि त्यांचा बुंधा दोन फूट जाड होता. रस्त्यापलीकडचे इंग्लिश अक्रोड बत्तीस वर्षांचे होऊनही त्यांचा बुंधा आठ-नऊ इंचांचाच. स्वतःच्या मालाची तारीफ म्हणून यातले थोडे वजा केले, तरी संकराचा जोम खरा होता.

अडचण बियांची होती. पॅराडॉक्सला फळे फारच कमी धरतात. त्यामुळे रोपवाटिकावाले काळ्या अक्रोडाच्या झाडाखालच्या बिया पेरत. त्यातल्या काही बियांत शेजारच्या इंग्लिश अक्रोडाचे पराग आलेले असत, आणि मग वाफ्यात पानांवरून संकर रोपे हुडकायची. काळ्याच्या पानावर पंधरा ते एकोणीस पर्णिका (एका देठावरची छोटी पाने), इंग्लिशच्या पानावर पाच ते नऊ. संकर मध्ये कुठेतरी. एका झाडाखाली संकर भरपूर निघे, दुसऱ्याखाली नावाला. 'पॅराडॉक्स' असा एकच शिक्का मारलेली रोपे प्रत्यक्षात सख्खी-चुलत भावंडे होती. पुढे डीएनए तपासणीत काही 'काळी' मातृवृक्षे स्वतःच दुसऱ्या काळ्या जातींशी संकरित निघाली. वाफ्यात उंच-बुटकी रोपे शेजारी शेजारी का दिसत, हे तेव्हा उमगले.

खुंट उंचीवरून जोखण्याच्या या मोजपट्टीला खरा धक्का दिला तो 'काळी रेषा' नावाच्या रोगाने. 1920 च्या दशकात ओरेगॉनमध्ये जोमदार झाडे कलमाच्या सांध्याशी काळी पडून मरू लागली. बराच काळ खुंट आणि कलमाचे जमत नसावे, असा समज होता. 1980 च्या दशकात चेरी लीफ रोल नावाचा विषाणू कारण म्हणून सिद्ध झाला. तो परागातून पसरतो. इंग्लिश अक्रोडाला तो फारसे जाणवूही देत नाही, पण काळ्याच्या किंवा पॅराडॉक्सच्या पेशी त्याची चाहूल लागताच सांध्याशी स्वतः मरतात आणि वर-खालचा संबंध तोडतात. म्हणजे ज्या खुंटाने झाड वाढवले, त्याच्याच अतिसंवेदनशीलतेने ते मारले.

दुसरा मोठा टप्पा प्रयोगशाळेतला. अक्रोडाच्या फांदीला मुळे फुटवणे फार अवघड. 1984 मध्ये ड्रायव्हर आणि कुनियुकी यांनी पॅराडॉक्ससाठी ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून काचपात्रात रोप वाढवण्याचे, पोषक माध्यम प्रसिद्ध केले. डीकेडब्ल्यू हे त्याचे नाव आज अक्रोडापलीकडच्या पिकांतही चालते. एकाच निवडक रोपाच्या हजारो प्रती काढता येऊ लागल्या. वाफ्यातला जुगार संपला. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कामातून व्हीएक्स 211 आणि आरएक्स 1 हे खुंट पुढे आले; व्लाख हा आणखी एक. व्हीएक्स 211 चा जोम दांडगा आणि सूत्रकृमीही (मुळांना लागणारे बारीक किडे) तो बऱ्यापैकी सोसतो. आरएक्स 1 टेक्सासकडच्या जुग्लान्स मायक्रोकार्पाचा संकर. व्हीएक्स 211 इतका तो वाढत नाही, पण मुळे कुजवणाऱ्या फायटोफ्थोराच्या जमिनीत टिकतो.

काळ्या रेषेवर मात्र या तिघांपैकी एकाचाही इलाज नाही, कारण तिघांतही निम्मे रक्त काळ्या जातींचेच. जिथे तो विषाणू मुरला आहे, तिथले काही बागायतदार पुन्हा इंग्लिश अक्रोडाच्याच मुळांकडे वळले आहेत, म्हणजे बरबँकच्या रस्त्यापलीकडच्या त्या हळू वाढणाऱ्या झाडाकडे.