एसपीई आणि एसपीएमई: फरक एका ‘एम’पुरता नाही

रक्तातलं औषध मोजायचं तर प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) जसाच्या तसा यंत्रात सोडून भागत नाही. प्रथिनं, मेद, क्षार यांच्या गर्दीतून आधी औषध वेगळं काढावं लागतं. त्याच्या दोन पद्धतींची नावं इतकी सारखी, की ‘एसपीएमई म्हणजे लहान आकारातली एसपीई’ असं अनेक विद्यार्थी धरून चालतात. पण एकाच नमुन्यातून दोघी वेगवेगळे आकडे देऊ शकतात, आणि दोन्ही आकडे खरे असतात.

एसपीई, म्हणजे सॉलिड फेज एक्स्ट्रॅक्शन, नमुन्यातलं जमेल तेवढं सगळं औषध ओढून घेते. आम्ल घालून प्रथिनांची पकड सैल केली की नमुना कार्ट्रिजमधून, म्हणजे पूड भरलेल्या छोट्या नळीतून जातो, औषध आतल्या पुडीला धरून राहतं आणि शेवटी मिथेनॉलसारख्या द्रावकाने उतरतं. एसपीएमई, म्हणजे सॉलिड फेज मायक्रोएक्स्ट्रॅक्शन, १९९०च्या सुमारास कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात पाव्लिशिन यांच्या प्रयोगशाळेत घडली. इथे लेप दिलेला बारीक तंतू नमुन्यात बुडवतात. तो औषधाचा अगदी थोडा वाटा उचलतो, प्रथिनांना न बांधलेल्या औषधाशी समतोल साधेपर्यंतच.

हा फरक रुग्णापर्यंत पोहोचतो. फिट्सवरचं फेनिटॉइन घ्या. रक्तातलं सुमारे ९० टक्के फेनिटॉइन अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला बांधलेलं असतं. मेंदूवर काम करतं ते मोकळं. एकूण पातळी मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम हवी, मोकळी १ ते २. अल्ब्युमिन कमी असलेल्या रुग्णात एकूण आकडा खाली दिसतो, मोकळं औषध मात्र पुरेसं असू शकतं. फक्त एकूण आकडा पाहून डोस वाढवला, तर रुग्णाचा चालताना तोल जाऊ लागतो. एसपीई तो एकूण आकडा देते, तर एसपीएमई नीट वापरली तर मोकळा.

आता औषध धरून ठेवायला वापरले जाणारे नॅनोपदार्थ. ग्राफीनचं, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाड पापुद्र्याचं, सैद्धांतिक पृष्ठफळ ग्रॅमला सुमारे २,६३० चौरस मीटर, आणि फेनिटॉइनसारख्या बेंझिन वलयं असलेल्या रेणूंना ते चांगलं धरतं. एसपीईला हे वरदानच. नुसती नॅनोपूड कार्ट्रिजमध्ये ठासली तर प्रवाह तुंबतो, म्हणून ग्राफीनला लोहऑक्साइडचे चुंबकीय कण जोडतात, नमुन्यात ढवळतात आणि चुंबकाने बाजूला ओढतात.

एसपीएमईत मात्र औषध ओढण्याची हीच भूक सांभाळावी लागते. लेपाने फार औषध ओढलं, तर त्याची जागा भरायला अल्ब्युमिनवरचं औषध सुटू लागतं, आणि मोजायचा तो समतोलच हलतो.