डाव्या हाताचं माप

कासाराकडे उजव्या हातात दोन-सहाच्या बांगड्या सहज चढल्या. डावा हात पुढे केला, तर त्याच बांगड्या अंगठ्याच्या बुडाशी अडल्या. माझ्या मावशीला हाताची सूज कळली ती अशी. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, केमोत गेलेले केस परत आले होते आणि घरचे सगळे 'ती आता बरी झाली' असंच धरून चालले होते.

या सुजेला लिम्फेडेमा म्हणतात. रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं पाणी गोळा करून लसिकावाहिन्या ते पुन्हा रक्तात सोडतात. हाताकडून येणाऱ्या या वाहिन्यांची वाट काखेतल्या लसिकाग्रंथींच्या छोट्या गाठींमधून जाते. कॅन्सर तिथवर पोचला असेल तर बऱ्याचदा त्या गाठी काढाव्या लागतात, कधी तिथं रेडिएशनही द्यावं लागतं. मग वाट तुंबते आणि पाणी हातात साचतं. कुणाला काही महिन्यांत, कुणाला कित्येक वर्षांनी.

मावशीला सगळ्यांनी बजावलं, त्या हातानं काही उचलायचं नाही. कळशी नाही, कणीक नाही, नातवाला कडेवर घेणं नाही. पूर्वी डॉक्टरही हेच सांगत. सगळं घर जिच्या हातावर चाललं, ती आपल्याच स्वयंपाकघरात पाहुणी होऊन बसली. सुजेपेक्षा मला ते जास्त लागलं.

अमेरिकेत संशोधक कॅथरिन श्मिट्झ यांच्या गटानं हा सल्लाच तपासून पाहिला. हात सुजलेल्या 141 स्त्रियांपैकी साधारण निम्म्या जणींनी वर्षभर, आठवड्यातून दोनदा, सूज दाबून धरणारी घट्ट बाही घालून वजनं उचलली. अगदी हलक्यापासून सुरुवात करून, पहिले 13 आठवडे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वजन उचलल्यामुळे सूज वाढली नव्हती. उलट, सूज मध्येच बळावण्याचं प्रमाण वजन उचलणाऱ्यांत 14 टक्के, तर इतरांत 29 टक्के निघालं. लसिकेला, म्हणजे या वाहिन्यांतल्या पाण्याला, हृदयासारखा पंप नसतो. वाहिन्या स्वतः आकसतात, शिवाय स्नायू आवळले-सैलावले की पाणी पुढे सरकतं. हात नुसता जपून ठेवला की ही मदतच थांबते.

अर्थात हे फिजिओथेरपिस्टला विचारूनच करायचं. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

मावशी आता कणीक मळते. बाही पिठानं माखते, म्हणून दोन बाह्या आलटून-पालटून धुते. आणि डाव्या हातासाठी कासाराकडून दोन-दहाच्या, सैल अशा, हिरव्या बांगड्या भरून आली.